दोन काट्यांची सोयाबीन, एक पत्रक: डॅक्समधे टेबलं जोडून ग्रुप करायचं एक प्रकरण

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हे काम, २०२४-२५ च्या सोयाबीन हंगामातलं. कंपनीचं नाव देत नाही, गरजही नाही, कारण अशा कंपन्या आता यवतमाळ, वर्धा, अमरावती सगळीकडे झाल्यात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचा डेटा असाच असतो. खरेदीची दोन केंद्रं, एक वडकीला, एक झाडगावला. संचालक मंडळाला एकच पत्रक पाहिजे होतं: गावनिहाय किती क्विंटल माल आला, त्या गावच्या मालाचा सरासरी ओलावा किती, आणि किती कास्तकारांनी माल दिला. बस एवढंच. ऐकायला पाच मिनिटाचं काम वाटते.

पत्रक बनलं, छापलं, मीटिंगमधे वाटलं, आणि खैरीचे एक कास्तकार काका खिशातून पावत्या काढून म्हणाले, "माह्याजोळ वडकीची पावती हाय, झाडगावचीबी हाय, मंग झाडगावचा माल ह्याच्यात दिसत काऊन नाही बाप्पा?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पत्रकात झाडगावचा माल जवळपास नव्हताच, पण कुठे एरर नव्हता, कुठे रकाना रिकामा नव्हता, म्हणून ऑफिसात कोणाला शंका आली नाही. तेव्हा ती पॉवर बीआयची फाईल माझ्याकडे आली. (पॉवर बीआय म्हणजे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि डॅक्स ही त्यातली फॉर्म्युले लिहायची भाषा.)

आधी डेटा कसा होता ते सांगतो कारण सगळं त्याच्यातच आहे. वडकीला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, त्याच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट निघतो, वजन किलोमधे. झाडगावला मापाडी रजिस्टरमधे लिहितात आणि संध्याकाळी अकाउंट पाहणाऱ्या ताई ते एक्सेलमधे चढवतात, वजन क्विंटलमधे. आणि झाडगावला पद्धत अशी की आधी मॉइश्चर मीटर लावायचं मग माल काट्यावर, म्हणून रजिस्टरमधे ओलावा आधी आणि वजन नंतर. वडकीला वजन आधी, ओलावा नंतर. रकाने दोन्हीकडे सारखेच पाच, फक्त शेवटच्या दोघांचा क्रम उलटा.

समजायला सोपं जावं म्हणून सहा ओळींचा नमुना घेऊ, आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत.

वडकी (पावती, शेतकरी कोड, गाव, किलो, ओलावा)
व-१, १०१, खैरी, १२४०, ११
व-२, १०२, खैरी, ८६०, १३
व-३, १०३, वाढोणा बाजार, १५००, १०

झाडगाव (पावती, शेतकरी कोड, गाव, ओलावा, क्विंटल)
झ-१, १०१, खैरी, १२, ९.००
झ-२, १०४, वाढोना बाजार, १४, १६.५०
झ-३, १०५, खैरी, ९, ५.००

हातानं बेरीज केली तर खैरी ३५ क्विंटल, वाढोणा बाजार ३१.५०, एकूण ६६.५०. हा आकडा डोक्यात ठेवा.

ऑफिसातल्या फॉर्म्युल्यात काय होतं? सरळ युनियन(वडकी, झाडगाव), म्हणजे दोन टेबलं एकाखाली एक जोडणारं फंक्शन. आता डॅक्सचं युनियन रकान्याचं नाव बघतच नाही, ते जागा बघते. पहिल्या टेबलाचा चौथा रकाना आणि दुसऱ्याचा चौथा रकाना एकाखाली एक लावते, आणि नाव पहिल्या टेबलाचं ठेवते. म्हणजे "किलो" नावाच्या रकान्यात १२४०, ८६०, १५०० च्या खाली १२, १४, ९ येऊन बसले, हे झाडगावचे ओलाव्याचे आकडे. दोन्ही आकडेच असल्यामुळे तक्रार करायला त्याला काही कारण नाही. बेरीज ३६३५ किलो, म्हणजे ३६.३५ क्विंटल, ६६.५० च्या जागी. काकांचा नऊ क्विंटल माल पत्रकात बारा किलो होऊन बसला होता. रकान्यांची संख्या कमीजास्त असती तर युनियनने एरर दिला असता आणि बरं झालं असतं. (पॉवर क्वेरी, म्हणजे पॉवर बीआयचा डेटा आणायचा आणि साफ करायचा भाग, त्यातलं टेबलं जोडणारं अपेंड मात्र नावावरून रकाने जुळवते, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला इकडेही तसंच होत असेल असं वाटते, तसं नाही.)

म्हणून पहिली गोष्ट, युनियनच्या आत टेबल उघडं टाकायचंच नाही. दोन्ही टेबलं आधी सिलेक्टकॉलम्समधून काढायची, एकाच क्रमात, एकाच नावाने, एकाच मापात. फंक्शनची नावं, व्हेरिएबलची (व्हार लिहून नाव दिलेल्या मधल्या निकालाची) नावं आणि आकडे प्रोग्राममधे इंग्रजीत टाइप करायचे असतात, इथे मी वाचायला म्हणून देवनागरीत लिहितो, टेबलाची आणि रकान्याची नावं मात्र मराठीत ठेवली तरी चालतात.

व्हार जमा =
युनियन(
  सिलेक्टकॉलम्स('वडकी',
    "पावती", 'वडकी'[पावती],
    "शेतकरी", 'वडकी'[शेतकरी कोड],
    "गाव", रिलेटेड('गावयादी'[गाव]),
    "क्विंटल", 'वडकी'[किलो] / १००,
    "ओलावा", 'वडकी'[ओलावा]),
  सिलेक्टकॉलम्स('झाडगाव',
    "पावती", 'झाडगाव'[पावती],
    "शेतकरी", 'झाडगाव'[शेतकरी कोड],
    "गाव", रिलेटेड('गावयादी'[गाव]),
    "क्विंटल", 'झाडगाव'[क्विंटल],
    "ओलावा", 'झाडगाव'[ओलावा])
)

गावयादी हे वेगळं छोटं टेबल केलं, ते दोन्ही टेबलांना रिलेशनने जोडलं, आणि रिलेटेड हे फंक्शन त्याच्यातलं नाव उचलून आणते. नमुन्यात बघा, एकीकडे वाढोणा आहे, दुसरीकडे वाढोना. माणसाला दोन्ही एकच, मशीनला दोन गावं, आणि ग्रुप केला की पत्रकात एकाच गावाच्या दोन ओळी येतात. गावयादीत लिहिलेलं प्रत्येक नाव एकेका ओळीत, त्याच्यापुढे ठरवलेलं एक नाव आणि सरकारचा एलजीडी गावकोड. पत्रक मोठं झालं तर ग्रुप नावाऐवजी कोडवरच करावा असं माझं स्पष्ट मत आहे, खैरी नावाची गावं आपल्या विदर्भात किती तरी आहेत, शेजारच्या तालुक्यातलं गाव जोडलं की दोन खैऱ्यांचा माल एका ओळीत जाऊन बसेल. यादीत न सापडलेलं गाव असेल तर त्याचा ग्रुप रिकाम्या नावाने दिसतो, ती ओळ लपवू नका, तीच सांगते की यादीत कोणतं नाव टाकायचं राहिलं.

पावतीचा रकाना बेरजेत कुठेच लागत नाही, तरी मी मुद्दाम ठेवला. युनियन डुप्लिकेट काढत नाही, दोन्हीकडे असलेली ओळ दोनदा राहते. एखाद्या दिवशी वडकीचा काटा बंद पडला, गाडी झाडगावला पाठवली, आणि तीच पावती दोन्हीकडे चढली असं होते. मग कोणीतरी सांगते की युनियनला डिस्टिंक्टमधे गुंडाळ. गुंडाळा, पण पावती ठेवूनच, आणि हेही समजून घ्या की डिस्टिंक्ट पूर्ण ओळ सारखी असेल तेव्हाच काढते, वजनात एका किलोचा फरक असला की दोन्ही ओळी राहतात आणि ती पावती रजिस्टर उघडून बघावीच लागते. पावतीचा रकाना काढून डिस्टिंक्ट केलं तर त्याहून वाईट होते: एका कास्तकाराने दोन खेपा आणल्या, दोन्ही खेपा दहा-दहा क्विंटल, ओलावा दोन्हीचा बारा, तर डिस्टिंक्ट एक खेप खाऊन टाकते. ते त्या माणसाच्या चुकाऱ्यातून जाते. म्हणून याबाबतीत मी फार कडक आहे.

आता मुख्य प्रश्न, ग्रुप. जमा तयार झालं, गावनिहाय बेरीज पाहिजे. सवयीने माणूस सम लिहितो. पण समला मॉडेलमधला, म्हणजे फाईलमधे भरून ठेवलेल्या टेबलांतला, खरा रकाना लागतो, आणि जमा हे मॉडेलमधलं टेबल नाही, ते क्वेरीच्या आत तयार झालेलं आहे. सम(जमा[क्विंटल]) लिहिलं की जमा नावाचं टेबलच सापडत नाही म्हणते. मग माणूस ओळीओळीने मोजून बेरीज करणाऱ्या समएक्स वर येतो, गावांची वेगळी यादी काढतो आणि त्याच्यापुढे बेरीज लावतो:

अ‍ॅडकॉलम्स(
  डिस्टिंक्ट(सिलेक्टकॉलम्स(जमा, "गाव", [गाव])),
  "एकूण", समएक्स(जमा, [क्विंटल])
)

हे चालते, एरर येत नाही, आणि उत्तर येते खैरी ६६.५०, वाढोणा बाजार ६६.५०. सगळ्या गावांपुढे तोच एकूण आकडा. कॅल्क्युलेट, म्हणजे गाळणी (फिल्टर) बदलून मोजणारं फंक्शन, लावून बघितलं तरी तोच.

असं काऊन होते, हे समजलं की अर्धं डॅक्स समजलं. डॅक्समधे गाळणी लागते ती मॉडेलच्या रकान्याला. वडकी टेबलातला गाव हा रकाना आपण कुठून आलो हे सोबत घेऊन फिरतो, त्याचा सातबारा त्याच्यासोबत असतो म्हणा, म्हणून त्याच्यावर फिल्टर लागला की वडकीच्या ओळी गाळल्या जातात. पण युनियनमधे दोन वेगवेगळ्या रकान्यांतून, नाहीतर फॉर्म्युल्यातून आलेल्या किमती एकाखाली एक बसल्या की त्या नव्या रकान्याचा सातबारा कोरा राहतो, तो कोणाचाच नाही. त्याच्यावरून कोणती गाळणी कुठे लावायची हे इंजिनला कळायला मार्ग नाही. शिवाय व्हेरिएबल एकदाच मोजलं जाते, जिथे लिहिलं तिथल्या स्थितीत, आणि नंतर ते बदलत नाही, बाहेर कितीही कॅल्क्युलेट करा. मग प्रत्येक गावासाठी अख्खं जमा जोडलं जाते.

यासाठीच ग्रुपबाय आहे. डॅक्स २०१० मधे एक्सेलच्या पॉवरपिव्होटसोबत आलं तेव्हा ग्रुपबाय नव्हतं, ते पुढे आलं, आणि ते याच कामाचं आहे, म्हणजे आपण क्वेरीत तयार केलेल्या रकान्यांची बेरीज करायची. ते गाळणीच्या भानगडीत पडत नाही, समोरच्या ओळींचे ढीग करते आणि प्रत्येक ढीग करंटग्रुप या नावाने हातात देते.

व्हार गावपत्रक =
ग्रुपबाय(जमा, [गाव],
  "क्विंटल", समएक्स(करंटग्रुप(), [क्विंटल]),
  "ओलावाभार", समएक्स(करंटग्रुप(), [क्विंटल] * [ओलावा]),
  "पावत्या", समएक्स(करंटग्रुप(), १)
)

खैरी ३५, पावत्या ४. वाढोणा बाजार ३१.५०, पावत्या २. जुळलं.

याचे नियम थोडे आहेत पण कडक आहेत. करंटग्रुप हे समएक्स, मॅक्सएक्स, मिनएक्स, अ‍ॅव्हरेजएक्स अशा एक्स लागलेल्या फंक्शनच्या पहिल्या जागीच चालते. ग्रुपबायच्या आत कॅल्क्युलेट चालत नाही, मेझरही (मॉडेलमधे नाव देऊन ठेवलेला फॉर्म्युला) बोलावता येत नाही. ओळी मोजायला काउंटरोज(करंटग्रुप()) लिहायला जावं तर तेही चालत नाही, म्हणून वर समएक्समधे १ टाकून मोजलं आहे.

आता ओलावाभार हा रकाना कशाला, ते. ऑफिसच्या पत्रकात ओलाव्याची सरळ सरासरी होती. नमुन्यात वाढोणा बाजारचे दोन आकडे १० आणि १४, सरळ सरासरी बरोबर १२. पण १४ टक्क्यावाला माल साडेसोळा क्विंटल आहे आणि १० वाला पंधरा. वजनाने गुणून काढली तर (१५ × १० + १६.५० × १४) भागिले ३१.५०, म्हणजे १२.१०. खैरीचं सरळ सरासरीने ११.२५ येते, वजनाने ११.४६. फरक बारीक दिसतो, पण सोयाबीनच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची हद्द १२ टक्के आहे. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि ओलाव्याची हद्द केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, त्यामुळे सरकारी केंद्रावर निभावलं असतं. पण ही कंपनी गावाची थप्पी वेगळी लावून तेल प्लांटला गाडी पाठवते, तिथे गाडीतून सॅम्पल काढतात आणि ओलाव्यावर कटती लावतात. त्या गाडीत काय भरलं आहे हे वजनी सरासरीच सांगते, बरोबर बारा म्हणून पाठवलेली गाडी तिथे बाराच्या वर निघते आणि कटती सगळ्या सभासदांच्या अंगावर पडते. म्हणून ग्रुपच्या आत सरासरी काढायचीच नाही, बेरजा सोबत न्यायच्या आणि भागाकार सगळ्यात शेवटी करायचा:

अ‍ॅडकॉलम्स(गावपत्रक,
  "सरासरी ओलावा", डिव्हाइड([ओलावाभार], [क्विंटल]))

याचा दुसरा फायदा खालच्या "एकूण" ओळीत होतो. दोन गावांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढली तर ती चुकतेच, पण ओलावाभार ७८२.२ आणि क्विंटल ६६.५० दोन्ही बेरजा हातात असल्या की ११.७६ सरळ मिळते.

राहिला कास्तकारांचा आकडा. खैरीच्या पावत्या चार, पण १०१ कोडवाले काका दोन्ही केंद्रावर आले, म्हणजे माणसं तीनच. केंद्रनिहाय मोजून बेरीज केली की वडकीचे दोन आणि झाडगावचे दोन असे चार होतात, आणि ऑफिसने आधी तेच केलं होतं. वेगवेगळे शेतकरी मोजायचे म्हणजे ग्रुपबाय दोनदा लावायचं, पहिल्यांदा गाव आणि शेतकरी या जोडीवर, मग जी ओळ तयार झाली ती एका माणसाची एकच, तिला गावावर पुन्हा ग्रुप करून मोजायचं.

व्हार माणसं = ग्रुपबाय(जमा, [गाव], [शेतकरी])
व्हार मोजणी = ग्रुपबाय(माणसं, [गाव], "कास्तकार", समएक्स(करंटग्रुप(), १))

खैरी ३, वाढोणा बाजार २. हे दोन्ही केंद्रांवर एकच सभासद कोड वापरत असतील तरच खरं, इथे वापरत होते हे चांगलं होतं, नाहीतर आधी ते काम करावं लागलं असतं.

ओळी वाढल्या की ग्रुपबाय जड होते हे सांगितलं पाहिजे. डॅक्सचा जलद भाग म्हणजे स्टोरेज इंजिन, ते साठवलेल्या टेबलांवर फार भरभर बेरीज करते. ग्रुपबाय तिथे चालत नाही, ते फॉर्म्युला इंजिनमधे, मेमरीत मांडलेल्या ओळींवर चालते. एका हंगामाच्या पावत्यांना काही होत नाही, पण सगळ्या वर्षांचा डेटा एकत्र ठेवला तर उलट क्रम बरा: प्रत्येक केंद्राचं टेबल आधी आपापल्या जागी समरायझकॉलम्सने गावनिहाय करून घ्यायचं, तिथे खरे रकाने आहेत म्हणून सम चालते, मग ती छोटी टेबलं युनियन करायची आणि त्या थोड्या ओळींवर ग्रुपबाय. मात्र तेव्हा वर पाठवायच्या गोष्टी अशाच पाहिजे ज्यांची पुन्हा बेरीज करता येते, क्विंटल, ओलावाभार, पावत्या. शेतकऱ्यांसाठी शेतकरी कोड असलेली ओळच वर पाठवावी लागते, त्यांची मोजणी केंद्रावर उरकता येत नाही.

आणि एक गोष्ट मी ऑफिसातल्या पोरांना स्पष्ट सांगितली, की नुसतं क्विंटल स्क्रीनवर पाहिजे असेल तर युनियनची गरजच नाही. गावयादी दोन्ही टेबलांना रिलेशनने जोडलेली आहे, त्यामुळे गावयादीतलं गाव रिपोर्टवर ठेवून एकच मेझर लिहिलं की झालं: सम('वडकी'[किलो]) / १०० + सम('झाडगाव'[क्विंटल]). तारखेचा स्लायसर (रिपोर्टवरून फिल्टर निवडायची पट्टी) लावायचा असेल तर तारखेचंही तसंच एक टेबल करून दोघांना जोडायचं, मग हे मेझर त्याचंही ऐकते. वेगळे शेतकरीसुद्धा मेझरमधे मोजता येतात, काउंटरोज(डिस्टिंक्ट(युनियन(व्हॅल्यूज('वडकी'[शेतकरी कोड]), व्हॅल्यूज('झाडगाव'[शेतकरी कोड])))), कारण इथे गाळणी युनियनच्या आधीच मूळ टेबलांना लागलेली असते. जोडलेलं टेबल लागते ते छापायच्या पत्रकाला, पावतीनिहाय यादीला, थप्पीच्या हिशोबाला. त्यासाठी डॅक्स क्वेरी व्ह्यूमधे इव्हॅल्युएट लावून वरची क्वेरी चालवायची आणि निकाल एक्सेलमधे न्यायचा. तेच जमा कॅल्क्युलेटेड टेबल म्हणून मॉडेलमधे ठेवलं तर मात्र ते रिफ्रेशच्या वेळीच भरते, स्लायसर फिरवला म्हणून पुन्हा मोजलं जात नाही, वडकीच्या टेबलावर लावलेला फिल्टर त्याला पोचत नाही, त्याला स्वतःची रिलेशन द्यावी लागते.

नवीन पत्रक तपासायला आम्ही दोन गावं निवडली, खैरी आणि वाढोणा बाजार, आणि त्यांच्या सगळ्या पावत्या रजिस्टरमधून वाचून ताईंनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. क्विंटल जुळलं, पावत्या जुळल्या, ओलावाभार दशांशापर्यंत जुळला. काकांच्या दोन्ही पावत्या आता एकाच नावाखाली दिसतात आणि कास्तकाराच्या रकान्यात ते एकदाच मोजले जातात. पुढच्या हंगामात वाढोणा बाजारला तिसरं केंद्र करायचं चाललं आहे. तेव्हा युनियनमधे तिसरा सिलेक्टकॉलम्स जोडावा लागेल, याच क्रमाने, याच पाच नावांनी, आणि तिथला काटा किलो दाखवतो की क्विंटल हे ताईंनी आधीच विचारून गावयादीच्या शीटवर लिहून ठेवलं आहे: किलो.